हिरव्या दोऱ्याची गाठ

ता. ४ मार्च

वन्सं,

नमस्कार लिहावा तर तुम्ही वयाने लहान, आणि आशीर्वाद लिहावा तर माझा तुम्हाला कधी मानवला नाही. तेव्हा सरळ कामाचं लिहिते. माझी शाळा चौथीची, अक्षर म्हणजे कोंबडी शाईतून चालल्यासारखं, तरी लावून वाचा.

फोनच करणार होते. पण तुमच्याकडे फोन बबी उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवते. पोटची लेक ना, आवाज बरोबर ओळखते. बावीस वर्षांत एकदाही चुकली नाही. तिला पत्र घातलं तर न फोडता परत येतं. म्हणून हे तुमच्या नावाने.

कारखाना सुटल्यापासून हात गप्प बसेनात, म्हणून मी जुने टेबलफोन दुरुस्त करते. खिशात फोन असताना दिवाणखान्यात काळा डायलवाला फोन मांडायची लोकांना हौस आली आहे. बरं, नुसता मांडून पोट भरत नाही, तो वाजलाही पाहिजे. जुन्या सामानाचा एक व्यापारी आहे, टकलू म्हणतात त्याला, तो पोत्याने आणून टाकतो. डायल साफ करणं, रिसीव्हर बदलणं माझं मी करते. बेल आली की अडते. कारखान्यात मी गुंडाळीच्या टेबलाची, जन्मभर कॉइलवर तार गुंडाळली. बेल जोडायचं काम तुमच्या टेबलाचं.

एका बंगल्यातून एक काळा सेट आलाय. बोलणं झकास, ऐकणं झकास, बेल मुकी. ही बेल सरसकट की सुरातली, ते ओळखायचं कसं? या कामात तुमच्याइतकं जाणतं माणूस माझ्या माहितीत दुसरं नाही. हे लिहिताना पेन दोनदा अडला, पण लिहिलं.

तुमची वहिनी


ता. १० मार्च

वहिनी,

पेटीत तुमचं अक्षर पाहिलं आणि आधी म्हटलं, कोण गेलं? वाचून मात्र बरं वाटलं. चौदा वर्षं आपण शेजारशेजारच्या टेबलाला बसलो, एकाच घरात जेवलो. पण "वन्सं, हे कसं करायचं?" हे तुमच्या तोंडून ऐकायला मला अडुसष्टावं वर्ष उजाडलं.

तर ऐका. पूर्वी एका तारेवर चार-चार घरं असायची. प्रत्येक घराच्या बेलला आपापला सूर. एक्स्चेंजने ज्या सुराचा करंट सोडला तेवढं घर वाजणार, बाकीची तीन गप्प. ती सुरातली बेल. तिच्या टोल्याला, म्हणजे बेलच्या वाट्यांवर आपटणाऱ्या दांडीला, जड गोळी असते, टोल्याची पट्टी ताठ असते आणि चौकटीवर आकडा ठोकलेला असतो. ती साध्या लाइनला लावलीत तर जन्मात वाजायची नाही. सरसकट बेलचा टोला काडीसारखा बारीक, बाजूला नखाएवढी स्प्रिंग, आकडा नाही. ती दारातल्या कुत्र्यासारखी, कुणीही आलं तरी वाजणार.

अजून काही अडलं तर विचारा. संकोच करू नका.

बबी बरी आहे, सहाला कामावरून येते. नात बावीसची झाली. माझ्या हातचं सोडून दुसऱ्याचं खात नाही. आजी, आजी करत दिवसभर मागे असते.

तुमची नणंद


ता. १५ मार्च

वन्सं,

टोला काडीसारखा. स्प्रिंग आहे. आकडा कुठेही नाही, भिंग लावून पाहिलं. म्हणजे सरसकट. मग ही वाजत का नाही? कॉइल मीटरला लावली, तार शाबूत आहे. तेवढं मला कळतं, गुंडाळी माझीच.

मग आत बघितलं. बेलची एक वायर स्क्रूवरून सुटलेली दिसली. तुटलेली नव्हे, सोडवलेली. मागे वळवून ठेवली आहे आणि टोकाला दोरा बांधलाय. हे असं कसं होतं? उंदराने केलं असेल का?

नातीला खाऊ घालता ते चांगलंच करता. माझ्या वाटचं आजवर तुम्हीच घातलंय.

तुमची वहिनी


ता. २१ मार्च

वहिनी,

उंदीर! हसून हसून डोळ्यांना पाणी आलं. नात विचारत होती, आजी एवढं काय झालं? उंदीर दोरा बांधतो होय?

अहो, हे मुद्दाम केलेलं काम आहे. तेवढी एक वायर काढली की फोनवर बोलता येतं, ऐकता येतं, बाहेर लावताही येतो. फक्त आलेला फोन वाजत नाही. घरातल्यांना पत्ता लागत नाही. आणि पलीकडून जो फोन लावतो, त्याच्या कानात घंटी वाजतच राहते. कारण ती एक्स्चेंजची असते, समोरच्या घरातली नसते. त्याला वाटतं, समोर वाजतेय आणि माणूस उचलत नाही.

ज्याने केलं त्याला जोडणीची पक्की माहिती होती. आणि टोकाला दोरा बांधलाय म्हणजे आपल्याच कारखान्यातलं माणूस. बाहेरचा वायर उपटेल आणि तशीच लोंबती सोडेल. "मोकळं टोक म्हणजे मोकळं तोंड", हे मी कामावर लागले तेव्हा तुम्हीच मला मनगटावर फूटपट्टी मारून शिकवलंत. मेणाचा दोरा, दोन वेढे, एक उलटी गाठ, शेपूट आत. अजून झोपेत बांधीन. आमच्या टेबलाला सहा जणी आणि सहा रंगांचे दोरे, तपासनिसाला कळावं कुणाचं काम ते.

रंग तेवढा कळवा, मी नाव सांगते!

तुमची नणंद


ता. २६ मार्च

वन्सं,

हिरवा.

बुडाला खिळ्याने कोरलेलं मांजर आहे. पाच पायांचं. बबी सहा वर्षांची असताना तिने कोरलं आणि मी तिला बदडलं होतं. पाचवा पाय नाही ग आई, शेपूट आहे, म्हणून रडत सांगत होती.

बंगला-बिंगला काही नाही. टकलूच्या पोत्यातून निघाला. माळा रिकामा केलात वाटतं?

नाव सांगताय ना?

वहिनी


ता. ९ एप्रिल

वन्सं,

चौदा दिवस झाले. तुमचीही वायर कुणी काढली का?


ता. १४ एप्रिल

वहिनी,

रंग विचारला ते पत्र टपालपेटीत टाकलं आणि चार पावलं गेल्यावर माझे पाय थांबले. परत फिरले. पेटीच्या फटीत हात घालून पाहिला, मनगटाच्या पुढे जाईना. लोक बघायला लागले तेव्हा घरी आले. त्या दिवसापासून टपालवाला आला की मीच आधी दार गाठते.

हो. मी केलं.

बबीचा निरोप कारखान्याच्या ऑफिसात आला होता. आठवा महिना लागायचा होता, नवरा कामासाठी लांब, तिला दवाखान्यात ठेवलं होतं. "आईला सांगा, मी रोज संध्याकाळी सहाला घरी फोन करीन." तुम्ही गुंडाळीत होतात, निरोप मी घेतला. दुपारी डोकं दुखतंय सांगून घरी आले आणि वायर काढली. तीन संध्याकाळी तिने फोन केला. तीनही वेळा आपण दोघी त्या फोनसमोर बसलो होतो. चौथ्या दिवशी मैत्रिणीकडे जाते म्हणून निघाले ती बबीच्या दवाखान्यात गेले. पोर दोन महिने आधी झाली, बबी मरता मरता वाचली, आणि तिच्या उशाशी मी होते.

पण का केलं तेही लिहिते. एक तरी माणूस माझं असावं म्हणून. मी नवऱ्याघरून परत आलेली. तुमच्या घरात मला ताट मिळायचं, पण ताटाबरोबर तुमची जीभही मिळायची. त्याच महिन्यात, डबा खायच्या सुट्टीत, सहा जणींसमोर तुम्ही म्हणालात, "पोर व्हायला काही अक्कल लागत नाही, तरी आमच्या वन्संना ते जमलं नाही." सगळ्या हसल्या. तुम्हाला आठवतही नसेल.

बबीला सांगू नका. मी पाया पडते. या वयात मी कुठे जाऊ?

नणंद


ता. १८ एप्रिल

वन्सं,

आठवतं. बोलले होते. वाईट बोलले होते. त्याच सुट्टीत डबा माझ्या डोक्यात घातला असतात तर मी टाके घालून घेतले असते आणि तुम्हाला मानलं असतं. शब्दाची परतफेड शब्दाने करायची, फार तर हाताने. तुम्ही माझी लेक घेतलीत.

पोर झाल्याचं कळून मी दवाखान्यात पोचले तर तिने भिंतीकडे तोंड केलं. मी सांगत होते, बेल वाजली नाही ग. ती म्हणाली, मी माझ्या कानांनी ऐकलीय. घरी आले तर तुम्ही दुसरा सेट घेऊन दारात हजर. म्हणालात, "वहिनी, त्या सेटमध्ये चुकून सुरातली बेल आली होती, आपल्या लाइनला ती वाजत नाही, कोठारवाल्याची चूक." आणि जुना काखेत मारून घेऊन गेलात. मी गुंडाळीची, विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या कोठारवाल्याला कारखान्याच्या फाटकात पाचशे माणसांसमोर चपलेने मारलं. तो बिचारा शेवटपर्यंत विचारत होता, बाई, माझं चुकलं काय? मेला तो. त्याची माफी मागायची माझी राहिली. तीही तुमच्या खाती.

कारखाना सुटल्यावर मी बेल शिकले, वन्सं. सात वर्षं झाली. सरसकट आणि सुरातली मी डोळे मिटून, बोटाने टोला चाचपून सांगते. तुम्हाला विचारत होते ते शिकायला नव्हे. तुमच्या अक्षरात हवं होतं.

आता नीट वाचा. सेट पार्सलने तुमच्या नावावर पाठवलाय. वायर मी जोडली आहे, जोडणीची आकृतीही आत ठेवली आहे. तुमचा दोरा काढलेला नाही, वायरीवरच थोडा मागे सरकवून ठेवलाय. रविवारी, २६ तारखेला, सकाळी दहाच्या आत तुम्ही बबीसमोर तो फोन पालथा करायचा, बूड उघडायचं, दोरा दाखवायचा आणि सगळं आपल्या तोंडाने सांगायचं. मग तो लाइनला लावायचा. दहाला मी फोन करीन. तुम्ही उचलायचा नाही. ती उचलेपर्यंत वाजू द्यायचा.

नाही सांगितलंत, तर तुमची तिन्ही पत्रं तिच्या ऑफिसात जातील. तिथलं टपाल तुम्ही घेत नाही.

वहिनी


ता. २७ एप्रिल

आई,

काल तू "वाजली का?" एवढंच विचारलंस आणि मी "वाजली" एवढंच म्हणाले. बावीस वर्षांनी आईने लेकीला विचारायचं ते हे! पुढे मला बोलता येईना म्हणून ठेवला. या वेळी रागाने नाही. म्हणून लिहिते.

आत्याने मला काही सांगितलं नाही. शनिवारी ऑफिस लवकर सुटलं, दुपारी घरी आले. आत्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती. पुढ्यात काळा फोन पालथा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दातांत दोऱ्याचं टोक.

"हे काय ग?"

"भंगारातला आहे. वायर सैल होती, म्हटलं बघावं."

मी बूड उचललं. मांजर. माझं मांजर. पाच पायांचं म्हणून मार खाल्लेलं.

"आत्या, हा तर आमच्या घरातला फोन."

वायर ती जोडत नव्हती, सोडवत होती. सोडवून झाली होती. तेवढ्यावर बूड बंद केलं असतं तर मला काही कळलं नसतं, पाच मिनिटं होती तिच्या हातात. पण ती त्या सुटलेल्या टोकाला दोरा बांधत बसली होती. दुसरा वेढा काही केल्या बसेना.

मी विचारलं, "बांधतेस कशाला?"

ती म्हणाली, "मोकळं टोक सोडायचं नसतं ग." आणि रडायला लागली. दोरा दातांतून सोडला नाही, तशीच रडत होती.

तेव्हा मी नीट पाहिलं. एका वायरीवर दोन हिरवे दोरे. एक विटलेला, एक ताजा. गाठ तीच. तुझी पार्सलमधली आकृती तिने पदराखाली दाबली होती, ती ओढून घेतली. मग तुझी पत्रं मागितली. तीही तिने काढून दिली.

एक गोष्ट तिने तुला लिहिलेली दिसत नाही. दवाखान्यात मी तिला विचारलं होतं, आईने फोन का नाही उचलला? ती म्हणाली, "बेल वाजत होती. मी म्हटलं, वहिनी उचला. तर म्हणाल्या, वाजू दे. आपल्या मनाने लग्न करून गेलेल्यांचे फोन घ्यायला मी रिकामी बसलेली नाही." आई, मी ते खरं मानलं, कारण ते वाक्य तुझंच वाटत होतं. अजूनही वाटतं.

वायर नातीने जोडली, तुझी आकृती बघून. पहिल्याच झटक्यात. म्हणाली, ही बाई चित्र चांगलं काढते.

माझा राग गेला असं समजू नकोस. बावीस वर्षांची सवय आहे, तो आता कुणावर ठेवायचा ते कळत नाही. आत्याकडे बघवत नाही. आणि घराबाहेरही काढवत नाही, माझी पोर तिने वाढवली. खोलीतून बाहेर येत नाही ती. तिचं काय करू?

बबी


ता. ५ मे

वन्सं,

हे पत्र बबी तुमच्या हातात देईल, फोडलेलं. यापुढे तुमचं-माझं टपाल तिच्या हातून.

ते वाक्य वाचलं. चांगलं बनवलंत. मी बोलले असते तर असंच बोलले असते, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पण बोलले नव्हते. माझी जीभ तुम्ही चौदा वर्षं ऐकलीत, आणि एकदाच वापरलीत तीही माझा गळा कापायला. वायर काढली त्याचं मी एक वेळ समजून घेतलं असतं. वाक्याचं नाही.

बबीने विचारलं, आत्याचं काय करू? तुम्हाला वाटत असेल, म्हातारी सांगेल काढ बाहेर. नाही सांगितलं. तुम्हाला बाहेर काढलं तर तुम्ही कुठल्यातरी दारात बसून चार लोकांना सांगाल, माझ्यावर केवढा अन्याय झाला. तेवढं सुख मी तुम्हाला मिळू देणार नाही. तुम्ही तिथेच राहायचं. त्याच खोलीत, त्याच ताटात. नात आजी म्हणेल तर म्हणू दे, ती तुमची कमाई आहे, त्यात मी हात घालत नाही.

फक्त तो काळा फोन तुमच्या खाटेशेजारच्या स्टुलावर राहील. बबीला सांगितलंय, तिने ठेवलाय.

मी रोज संध्याकाळी सहाला फोन करणार. रोज. बबीला घरी पोचायला कधी सहा होतात, कधी सव्वासहा. नात कधी असते, कधी नसते. त्या दोघींपैकी कुणी येईपर्यंत तो वाजेल, मधे तुटला तर मी पुन्हा लावीन. तुम्ही उचलायचा नाही. तीन संध्याकाळी माझ्या लेकीने कानाला रिसीव्हर लावून काय ऐकलं, ते तुम्ही बसून ऐकायचं. तिने तीन दिवस ऐकलं. मी बावीस वर्षं ऐकायला मिळावं म्हणून बसले. तुम्ही यातलं किती फेडता ते तुमच्या आयुष्यावर.

कालही सहाला केला होता. माझ्या कानात वाजते ती एक्स्चेंजची, हे तुम्हीच पत्राने समजावलंत. म्हणून नातीला विचारून घेतलं, तिकडे खरंच वाजते का? म्हणाली, "वाजते, आणि आजी कानावर उशी धरून बसते."

उशीचा उपयोग नाही. पाठवण्याआधी मी बेलच्या दोन्ही वाट्या जवळ आणल्यात आणि टोला बदललाय, पितळेचा घातलाय. आवाज शेजारच्या घरात जातो. वायर काढायचा विचार असेल तर खुशाल काढा. तुम्ही टोक बांधल्याशिवाय उठणार नाही, आणि तेवढ्यात कुणी ना कुणी येईलच.

कॉइल माझ्या हातची आहे. जळायची नाही.

वहिनी